‘निर्वासिताच्या पोराला निवडणूक लढवता येत नाही’ म्हणे!

चेंबूर कॅम्प, मुलुंड कॉलनी, सायन कोळीवाड्याची पंजाबी कॉलनी. फाळणीनंतर वसलेल्या या वस्त्यांमधला कुणी महापालिकेला उभा राहिला की चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येतं: ‘आजोबा पाकिस्तानातून आले, याचा अर्ज बाद होणार.’

होत नाही.

१९ जुलै १९४८ च्या आधी आलेल्यांचा प्रश्न राज्यघटनेच्या कलम ६ नेच सोडवला. स्वतः, आईवडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणी अखंड भारतात जन्मलेलं असेल आणि आल्यापासून वास्तव्य इथलंच असेल, तर ते नागरिक. त्या तारखेनंतर आलेल्यांना नोंदणी करावी लागली, त्याआधी किमान सहा महिन्यांचं वास्तव्य हवं होतं. आजचा उमेदवार तर बहुधा इथल्याच एखाद्या प्रसूतिगृहात जन्मलेला!

उमेदवार भारताचा नागरिक हवा. तो जन्मानेच हवा, अशी अट आपल्याकडे नाही. ती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला आहे, आणि बहुतेक तिथूनच हा गोंधळ आला असावा. नगरसेवकासाठी वय २१, आमदारासाठी २५, शिवाय मतदार यादीत नाव. वॉर्ड राखीव असेल तर जात प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी, पण ती सगळ्यांनाच.

सिंधमधून आलेले हशू अडवाणी चेंबूरचे आमदार झाले, राज्यात मंत्रीही. मनमोहन सिंग यांचं जन्मगाव गाह आज पाकिस्तानात आहे. २००४ ते २०१४ ते पंतप्रधान होते.

मात्र ज्या निर्वासिताला अजून नागरिकत्वच मिळालेलं नाही, त्याला उभं राहता येत नाही. टपरीवरची मंडळी नेमकी इथेच दोन गोष्टींची भेळ करतात.