विलायती म्हणजे नेमकी कुठली?

उन्हाळा लागला की शाळेच्या फाटकापाशी टोपलीत विलायती चिंचा दिसू लागतात. जिलबीसारखी वळलेली शेंग, हिरवट सालीवर गुलाबी झाक. उकलली की आत पांढरा-गुलाबी गर आणि त्यात काळंभोर, चकचकीत बी. चव गोडसर, मागाहून घशाला तुरट.

‘विलायत’ हा शब्द मूळ अरबी, अर्थ राज्य किंवा प्रांत. तो फारसीतून आपल्याकडे आला आणि इंग्रजांच्या काळात विलायत म्हणजे इंग्लंड असंच होऊन बसलं. म्हणून काही ठिकाणी हिला इंग्रजी चिंचही म्हणतात. पण इंग्लंडच्या थंडीत हे झाड तगणारच नाही. त्याचं मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. स्पॅनिश लोकांनी ते फिलिपिन्सला नेलं आणि पुढे ते आशियाभर पसरलं. तेव्हा ‘विलायती’वरून पत्ता शोधू नये. बाहेरून आलेली, आपल्या ओळखीच्या झाडाची आठवण करून देणारी, एवढाच त्याचा अर्थ.

दोन्ही झाडं शेंगावर्गीय खरी, पण चिंचेत आपण फळाच्या भिंतीचा गर खातो, तर विलायती चिंचेत बियांभोवती वाढलेलं मांसल वेष्टण. चिंचेला आंबटपणा देणारं टार्टारिक आम्लही हिच्यात तितकं नाही.

आणि आपली चिंच तरी इथली कुठे? तीही मूळची आफ्रिकेची. हजारो वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि इतकी रुळली, की अरबांनी तिला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटलं. त्यावरूनच शास्त्रीय नाव पडलं, टॅमरिंडस इंडिका.

जीवशास्त्रात बाहेरून आलेल्या जातीला ‘परकीय’ म्हणतात. ‘आक्रमक’ हा शब्द वेगळा. जी परकीय जात वेगाने पसरून इथल्या झाडाझुडपांची जागा बळकावते, तीच आक्रमक. हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, ते मला खटकतं. त्यापायी मिरची, बटाटा, पेरूसुद्धा उगाच आरोपी ठरतात. तिघंही अमेरिका खंडातलेच.

खरं आक्रमक आहे ते गाजरगवत. तेही अमेरिका खंडातलंच, पुण्यात 1950च्या दशकात नोंदलं गेलेलं. एकेक रोप हजारो बिया टाकतं, मुळांतून-पानांतून शेजारच्या रोपांची वाढ रोखणारी रसायनं सोडतं. त्याच्या नावात ‘विलायती’ नाही, नुसती गाजरासारखी पानं आहेत. उपटायचं तर फुलोरा यायच्या आत, आणि हातमोजे घालूनच. अंगाला लागलं तर खाज सुटते.