वीज गेली, फाइलचं नाव गेलं

फाइल लिहिली जात असताना वीज गेली की पुढच्या वेळी विंडोज डिस्क तपासतं आणि कधीकधी 'फाउंड.०००' नावाचं फोल्डर मागे ठेवतं. आत 'फाइल००००.सीएचके' अशा फाइली. व्हायरस समजून अनेक जण त्या उडवून टाकतात. कृपा करून तसं करू नका, तो तुमचाच डेटा असतो. मुळात हे फोल्डर लपवलेलं असतं, हेच मला खटकतं.

पेनड्राइव्हवर फाइली मांडण्याच्या फॅट पद्धतीत फाइलची माहिती दोन ठिकाणी असते. नाव, आकार आणि पहिल्या क्लस्टरचा (डिस्कवरच्या ठरावीक मापाच्या तुकड्याचा) क्रमांक फोल्डरच्या नोंदीत. कोणत्या क्लस्टरनंतर कोणता, ही साखळी वेगळ्या तक्त्यात. तक्ता लिहून झाला आणि नोंद व्हायच्या आत वीज गेली, तर साखळी उरते, पण ती कुणाची हे कळत नाही. 'चेकडिस्क' हे विंडोजचं डिस्क तपासणारं साधन अशा बेवारस साखळ्यांना नुसते क्रमांक देतं. खरा आकारही नोंदीबरोबरच गेलेला असतो. त्यामुळे क्लस्टर ४ केबीचा असेल, तर सापडलेली फाइल ४, ८, १२ अशाच मापात भरते आणि तिच्या शेपटाला जुन्या, पुसलेल्या फाइलीचे अवशेष चिकटलेले असू शकतात.

आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि प्रयोग त्या प्रतीवरच करा. मग हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, फाइल उघडून सुरुवातीचे बाइट पाहा. 'एफएफ डी८ एफएफ' असेल तर तो जेपेग फोटो. पीडीएफ स्वतःचं नाव सुरुवातीलाच सांगते. 'पीके' ही झिपची खूण, झिप तयार करणाऱ्या फिल काट्झ यांची आद्याक्षरं. वर्ड आणि एक्सेलच्या आजच्या फाइलीही आतून झिपच असतात, त्यामुळे तिथे थांबू नका. एक्स्टेंशन (नावातला टिंबानंतरचा भाग) बदलून झिप करा आणि उघडा. आत 'वर्ड' फोल्डर दिसलं तर ते डॉक्युमेंट, 'एक्सएल' दिसलं तर हिशेबाची शीट.

अर्धवट फाइलीतून किती हाती लागेल, हे तिच्या रचनेवर ठरतं. साधा मजकूर जिथवर आहे तिथवर वाचता येतो. फोटोचा वरचा भाग बहुधा दिसतो. झिपची अनुक्रमणिका मात्र शेवटी असते; शेवट तुटला तर दुरुस्तीचं साधन लागतं. सर्वांत जास्त जीव जळतो तो एमपी४ व्हिडिओपायी. बरेच कॅमेरे त्याची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावरच लिहितात. त्यामुळे चित्रीकरण कार्डावर असूनही चालत नाही. अशा वेळी त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगमध्ये घेतलेला एक धड व्हिडिओ नमुना म्हणून दिला, तर काही दुरुस्ती प्रोग्राम त्यावरून अनुक्रमणिका पुन्हा बांधू शकतात.