अडकित्त्यासारखे दिसणारे हत्यार : घरी ओतलेल्या गोळीची पार्श्वभूमी

जुन्या नाशकातले वाडे पाडायला निघाले की माळ्यावरची अडगळ आधी खाली येते. समया, पंचपात्री, फुटके बंब, गंजलेले अडकित्ते. त्या ढिगात कधी कधी अडकित्त्यासारखीच एक वस्तू असते, पण तिला पाते नसते. दोन दांडे, बिजागरी आणि टोकाला दोन जाड जबडे. जबडे उघडले की दोन्हीकडे अर्ध्या वाटाण्याएवढा खळगा, आणि ते मिटले की वरून आत जाणारी एक बारीक नळी दिसते. भंगारवाला ती पितळेच्या किंवा लोखंडाच्या वजनावर घेऊन जातो. ही वस्तू म्हणजे बंदुकीच्या गोळीचा साचा. असली हत्यारे घरात का असत, पुढे ती का नाहीशी झाली आणि जगात काही ठिकाणी वेगळ्या रूपात परत कशी आली, याची ही टिपणवजा हकीकत.

तोड्याची (जळत्या वातीने बार काढायची) किंवा ठासणीची (तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) बंदूक ज्या काळात हाताने घडवली जाई, त्या काळात दोन बंदुकांच्या नळ्या तंतोतंत सारख्या निघत नसत. त्यामुळे गोळी बाजारातून आणून चालत नसे, ती त्या नळीच्या मापाचीच लागे. म्हणून चांगल्या बंदुकीबरोबर तिचा साचाही येई. मापाची पद्धतही त्यातूनच निघाली. एक पौंड शिशापासून नळीत बसणाऱ्या सारख्या बारा गोळ्या होत असतील, तर ती ‘बारा बोअर’. आजही शिकारी बंदुकीचे माप असेच सांगतात. पौंडाचे बारा भाग केले की एका गोळीला सुमारे ३८ ग्रॅम शिसे लागते आणि तिचा व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास येतो. आता बारा बोअरच्या काडतुसातून बहुतेक वेळा छर्रे उडतात, माप मात्र गोळ्यांच्या हिशेबातलेच राहिले.

शिसे ३२७ अंशांना वितळते. म्हणजे भट्टी नको, भाता नको, चुलीवर लोखंडी पळी ठेवली तरी काम होते. सगळी गंमत या एका आकड्यात आहे. तांबे वितळवायला हजारावर अंश लागतात, म्हणून ते काम तांबटाच्या आळीत गेले. शिसे मात्र कोणाच्याही परसात ओतता आले. साचाही पितळेचाच हवा असे नव्हते. उत्तर अमेरिकेत वसाहतकारांनी मऊ शंखजिऱ्याच्या दगडात खळगे कोरून साचे केले. हा दगड चाकूने कोरता येतो आणि उष्णतेने तडकत नाही. त्या साच्यांत एकाच दगडावर लहान-मोठे चार-पाच खळगे आढळतात, कारण घरात बंदुका वेगवेगळ्या मापांच्या असत.

गोळ्या ओतणे हे खरोखरच घरकाम होते, याचा सर्वांत ठळक लेखी पुरावा १७७६ चा आहे. त्या वर्षी ९ जुलैला न्यूयॉर्कमध्ये जमावाने इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा अश्वारूढ पुतळा दोर लावून पाडला. पुतळा शिशाचा होता, वरून सोन्याचा मुलामा. त्याचे बरेचसे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफील्ड गावी ऑलिव्हर वोल्कॉट यांच्या घरी पोचले, आणि तिथल्या बायकामुलांनी ते वितळवून गोळ्या ओतल्या. कोणी किती केल्या याची वही ठेवली गेली, बेरीज ४२,०८८. राजाचा पुतळा राजाच्याच फौजेवर डागण्याची ही कल्पना मला नेहमी थोडी नाटकी वाटते, पण वही खरी आहे, आणि वहीत नावे घरातल्या माणसांची आहेत, कारखान्याची नव्हेत.

विचित्र अवजारांच्या यादीत मात्र पहिला मान ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सला द्यावा लागेल. हा नळकाम करणारा माणूस, आणि त्याचे अवजार म्हणजे त्याचे स्वतःचे घर. छर्रे ओतायला साचा परवडत नाही, कारण ते फार बारीक आणि हजारोंनी लागतात. वॉट्सने घरावर मनोरा चढवला, मजल्यांना भोके पाडली, खाली जमिनीत खड्डा खणला आणि वरून चाळणीतून वितळलेले शिसे सोडले. पडता पडता थेंब पृष्ठताणामुळे गोल होतो, थंड होतो आणि खाली पाण्यात पडतो. शिशात थोडे आर्सेनिक मिसळले की थेंब अधिक गोल होतात. १७८२ मध्ये त्याने याचे पेटंट घेतले. पुढे जगभर असे उंच मनोरे उभे राहिले. मेलबर्नमधला तर आता एका मॉलच्या काचेच्या घुमटाखाली आहे. वॉट्सचे मूळ घर मात्र १९६८ मध्ये रस्तारुंदीत गेले. (वाड्यांच्या बाबतीत नाशिककरांनी ब्रिस्टलकरांकडे बोट दाखवायला हरकत नाही.)

घरच्या गोळीला पहिला धक्का एका पाद्र्याने दिला. स्कॉटलंडचा अलेक्झांडर फॉर्सिथ पक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन. चकमकीची ठिणगी दिसली की पक्षी उडून जात, म्हणून त्याने ठोका बसताच पेटणारे रसायन वापरून १८०७ मध्ये पेटंट घेतले. त्यातून तांब्याची टोपी आली, टोपीतून पुढे प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसणारी, ठोक्याने पेटणारी टिकली. शिसे कोणीही ओतू शकत होता, दारूही गावोगाव कुटली जात होती. हे ठोक्याने पेटणारे रसायन मात्र घरी हाताळणे म्हणजे बोटे आणि डोळे गमावणे. बंदूकवाला इथे प्रथमच बाजाराचा मिंधा झाला.

दुसरा धक्का काडतुसाचा, म्हणजे गोळी आणि मोजलेली दारू एकत्र बांधलेल्या तयार पुडीचा. १८५७ मध्ये एनफिल्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसांवरून काय झाले, ते शाळेत सर्वांनी वाचले आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या सिन्नर तालुक्यात नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाईकांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री मारला गेला. भागोजी आधी पोलिसांतच होते, हे विशेष. सरकारने त्या वर्षीच शस्त्रांविषयी कायदा केला आणि १८७८ मध्ये तो अधिक कडक केला. या १८७८ च्या कायद्याची भाषा वाचण्यासारखी आहे. दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळा बनवण्याची सगळी यंत्रसामग्री येते. शिसे, गंधक आणि सोरा त्यातून वगळले आहेत, पण ‘लष्करी सामग्री’ या दुसऱ्या व्याख्येत त्यांना ओढून घेण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला आहे. धोका बंदुकीत कमी आणि चुलीवरच्या पळीत जास्त आहे, हे साहेबाला नेमके उमगले होते. तोवर खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू झालेलाही होता.

धातूचे काडतूस आले तसे काम आणखी अवघड झाले. पितळी पुंगळी बार उडताना फुगून नळीच्या मागच्या भागाला चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि मग किंचित आक्रसते. ती पत्र्यापासून ओढून घडवायला मोठे दाबयंत्र लागते. पण एकदा घडलेली पुंगळी एका बाराने वाया जात नाही, आणि अमेरिकेच्या मैदानांत १८७० च्या दशकात रानरेडे मारणाऱ्या शिकाऱ्यांच्या हे लवकर लक्षात आले. दुकान शेकडो मैल दूर, पुंगळ्या महाग. ते शेकोटीवर शिसे वितळवून रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरत. तेव्हापासून पुनर्भरणाच्या अवजारांचा खरा इतिहास सुरू होतो.

इथे एक ऐतिहासिक गंमत आहे. १८६६ च्या सुमारास प्रायमरचे दोन प्रकार निघाले. अमेरिकेच्या हायरम बर्डनचा प्रकार युरोपने उचलला. इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सरचा अमेरिकेने. बॉक्सरच्या पुंगळीला मधोमध एकच भोक असते, त्यामुळे आतून सुई ढकलली की जुना प्रायमर बाहेर पडतो. बर्डनच्या पुंगळीत दोन बारीक भोके बाजूला आणि मधे पितळेचाच उंचवटा, त्यामुळे सुई चालत नाही. ब्रिटिश फौजेच्या ३०३ रायफलीची काडतुसे बर्डन पद्धतीची, म्हणजे घरी भरायला कटकटीची. अमेरिकेत हा छंद फोफावला, त्याला बंदुकांविषयीचे सैल कायदे कारण आहेतच. पण बॉक्सर या इंग्रज कर्नलचे ते एक भोकही कारण आहे.

१८८४ मध्ये न्यू हेवन इथे जॉन बार्लोने ‘आयडियल’ नावाची सांडशी काढली. प्रायमर काढणे, नवा बसवणे, पुंगळीचे तोंड आवळणे आणि काही नमुन्यांत गोळी ओतणेही, सगळे एकाच हत्याराने. खोगिराच्या पिशवीत मावेल असे. पुढे १९२५ मध्ये हा धंदा लायमन कंपनीने घेतला आणि सांडशी अनेक दशके विकली जात राहिली.

याच काळात नाशिकची गोष्ट उलट्या दिशेने जात होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ती ब्राउनिंग पिस्तुले सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्यासोबत पाठवली होती. एकूण वीस, आणि बरोबर काडतुसे. या खटल्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे, ते इथे उगाळत नाही. मला त्यातली एवढीच बाब महत्त्वाची वाटते, की पिस्तुलाइतकीच त्याची काडतुसेही समुद्र ओलांडून आणावी लागली. पन्नास वर्षांपूर्वी बंडखोराला शिसे आणि साचा पुरला असता. पितळी काडतुसाच्या काळात ज्याच्याकडे कारखाना, त्याच्याकडेच दारूगोळा.

अमेरिकेत टंचाई दुसऱ्या महायुद्धाने आणली. सगळे तांबे-पितळ फौजेकडे गेले आणि हौशी शिकाऱ्यांना तांब्याच्या वेष्टनाच्या गोळ्या मिळेनात. तेव्हा फ्रेड हंटिंग्टन आणि व्हर्नन स्पीअर या दोघांनी नेमबाजीच्या रेंजवर पडलेल्या पॉइंट बावीस (०.२२ इंच) मापाच्या रिकाम्या पुंगळ्यांकडे पाहिले. या पुंगळ्या पुन्हा भरता येत नाहीत, म्हणून त्या केरात जात. यांनी त्या पुंगळीचेच गोळीचे वेष्टन केले. हंटिंग्टनने १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल गावी, घरच्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत यासाठी डाय (धातू दाबून आकार देणारे साचे) घडवायला सुरुवात केली. ‘रॉक चक’ या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीसाठीच्या गोळ्या, म्हणून कंपनीचे नाव आरसीबीएस. पुढे १९५८ मध्ये विस्कॉन्सिनच्या रिचर्ड लीने घरच्या वर्कशॉपमध्ये याहून साधे काही केले: दोन-चार नळ्या, एक सुई आणि हातोडा. टेबलावर ठेवून ठोकायचे, बस. देखणेपणात ते आयडियलच्या सांडशीपुढे काहीच नाही, पण गरिबाला परवडे.

घरी ओतणाऱ्यांचे शिसेही असेच इकडून तिकडून आले. मोटारीच्या चाकाला समतोलासाठी लावतात ती वजने, छपरावरचे पत्रे, आणि सर्वांत आवडते म्हणजे छापखान्याचा धातू. नुसते शिसे मऊ. त्यात कथील आणि अँटिमनी गेले की कडक होते आणि साच्याचा कोपरान्‌कोपरा भरते. लायनोटाइपच्या (छपाईसाठी अख्खी ओळ ओतणाऱ्या यंत्राच्या) धातूत साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील. अक्षराची कड तीक्ष्ण यावी म्हणून बसवलेले हे प्रमाण गोळीलाही मानवले. ऑफसेट आल्यावर छापखान्यांनी हा धातू मणांनी मोडीत काढला आणि अमेरिकेत त्यातला बराच गोळ्यांच्या साच्यांत गेला. नाशकातही खिळे जुळवून छापणाऱ्यांनी आपापल्या केसी (खिळ्यांचे खणांचे ट्रे) रिकाम्या केल्या. इथे गिऱ्हाईक मोडीचा व्यापारीच.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या टूलरूममध्ये याहून दसपट बारीक मापाचे डाय रोज तयार होतात, तेव्हा कसबाचा प्रश्नच नाही. आडवा येतो तो कायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री हाही दारूगोळाच आहे. १८७८ ची ती ओळ जवळजवळ तशीच उचललेली. कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप. म्हणूनच पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात ‘एक गावठी कट्टा, दोन जिवंत काडतुसे’ असे असते. गावठी हे विशेषण सहसा काडतुसाला लागत नाही. नळी कुठेही घडते, काडतूस बहुधा कारखान्यातूनच चोरवाटेने बाहेर आलेले असते.

एक फट मात्र कायद्याने स्वतःच ठेवली आहे. कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी सोय आहे. रानडुकरांनी भाताची किंवा नागलीची वाट लावलेल्या पेठ, सुरगाण्याकडच्या शेतकऱ्याला ही तरतूद परकी वाटणार नाही. ठासणीच्या बंदुकीचा बार अजूनही दारू आणि छर्रे हाताने मोजून भरला जातो.

माळ्यावरच्या साच्याचे काय करावे, हा प्रश्न उरतो. कलम ४५ जुनाट घडणीच्या आणि पुरातन मोलाच्या काही शस्त्रांना सूट देते, पण ती सूट ‘शस्त्रां’साठी आहे आणि साचा व्याख्येने दारूगोळ्याच्या बाजूला पडू शकतो. त्यामुळे तो ऑनलाइन विकायला टाकण्याआधी किंवा संग्राहकाला देण्याआधी पोलीस ठाण्यात लेखी विचारून पोच घेतलेली बरी. आणि भंगारवाल्याला तर देऊच नये. त्याला त्यात फक्त पितळ दिसते.