आधी चुका, मग शिका

"अजून शिकवलंच नाही, मग विचारता कसं?" विद्यार्थ्यांची ही तक्रार रास्त वाटते. पण प्रयोग तिच्या बाजूने नाहीत.

२००९ साली नेट कॉर्नेल, मॅथ्यू हेज आणि रॉबर्ट बियॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी 'देवमासा–सस्तन' अशा, थोडंसंच नातं असलेल्या शब्दांच्या जोड्या घेतल्या. काही जोड्या सरळ वाचायला दिल्या. काहींचा पहिला शब्द दाखवून दुसरा ओळखायला लावला आणि लगेच खरं उत्तर सांगितलं. चुकून बरोबर आलेली उत्तरं हिशेबातून वगळली. म्हणजे उरल्या निव्वळ चुका. तरीही पुढच्या चाचणीत याच जोड्या जास्त आठवल्या!

असं का व्हावं? 'देवमासा' म्हटल्यावर मन समुद्र, कारंजं, पिल्लू असं चाचपडत जातं (मराठीत तर 'मासा' शब्दातच बसलाय). स्मृतीतल्या एका गाठीला धक्का बसला की शेजारच्याही हलतात. याला सक्रियतेचा प्रसार म्हणतात. त्या हलत्या गाठींमध्ये 'सस्तन' येऊन पडतं आणि त्याला अडकायला अनेक जागा मिळतात. शिवाय 'मासा नव्हे?' हा अपेक्षाभंग लक्ष खेचतो, ते वेगळंच. आता उलट तपासणी. शब्दांमध्ये काहीच नातं नसेल, तर हा फायदा नाहीसा होतो, असं २०१२च्या प्रयोगांत दिसलं. साहजिक आहे, चाचपडायला शेजारच नाही!

आधी प्रश्नच हवा असंही नाही. जॉन ब्रान्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी १९७२ साली कपडे धुण्यावरचा एक मुद्दाम मोघम उतारा ऐकवला. विषय आधी सांगितला, तर १८ पैकी सुमारे ६ मुद्दे आठवले. ऐकून झाल्यावर सांगितला, तर तीनही नाहीत. विषय सांगितलाच नाही, तरी तेवढेच.

शिकवण्याआधीच्या या तयारीला 'मेंदू जागृत करणं' म्हणू नका. त्या नावाने मध्यमेंदू (आपल्याला जागं ठेवायला मदत करणारा मेंदूचा भाग) 'चालू' करून देणारे वर्ग भरतात. तो बंद असता, तर विद्यार्थी बेशुद्ध असता.

जखमेवर पट्टी बांधायला शिकवायचंय? प्रात्यक्षिक दाखवण्याआधी विचारा, "सुरुवात कुठून कराल? का?" मात्र एक खोच आहे. फायदा मुख्यतः विचारलेल्याच गोष्टींना होतो. पट्टी किती घट्ट हवी हे विचारायचं राहिलं, तर शिकणाऱ्याचं लक्ष सुरुवातीच्या टोकावरच खिळून राहू शकतं.