आइसकास्ट आणि मल्टिकास्ट: नावं सारखी, कामं वेगळी

चालू कार्यक्रमाचा आवाज नेटवर्कवरून एकाच वेळी अनेकांना ऐकवायचा म्हटलं की आइसकास्ट (आवाजाचा स्ट्रीम पुरवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) आणि मल्टिकास्ट (एकच प्रत अनेकांपर्यंत नेण्याची नेटवर्कची पद्धत) ही दोन नावं हमखास पुढे येतात, आणि एक नाही तर दुसरं लावू असं वाटतं. तसं जमत नाही.

आइसकास्टमध्ये प्रत्येक श्रोता सर्व्हरशी स्वतंत्र कनेक्शन जोडतो आणि सर्व्हर प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवतो. 128 केबीपीएसचा स्ट्रीम 100 जण ऐकत असतील, तर सर्व्हरमधून 12.8 एमबीपीएस बाहेर पडतात. श्रोते दुप्पट झाले की भारही दुप्पट. पण ब्राउझरमध्ये लिंक उघडली की आवाज सुरू, आणि वाटेत हरवलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, टीसीपी हा कनेक्शन सांभाळणारा प्रोटोकॉल पुन्हा मागवून घेतो. फक्त बफरमुळे आवाज काही सेकंद मागे असतो.

मल्टिकास्टमध्ये पाठवणारा एकच प्रत सोडतो, 224.0.0.0 ते 239.255.255.255 यांतल्या एखाद्या गटाच्या पत्त्यावर. ज्याला ऐकायचंय ते यंत्र आयजीएमपी या गट-नोंदणीच्या प्रोटोकॉलने गटात नाव नोंदवतं. वाट जिथे फुटते तिथे स्विच किंवा राउटर प्रती काढतो. श्रोते 5 असोत की 500, पाठवणाऱ्यावरचा भार तेवढाच. मार्च 1992 मध्ये सॅन दिएगोतल्या आयईटीएफ या इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या बैठकीचा आवाज याच पद्धतीने तीन खंडांत पोहोचला होता. इतकी सुंदर कल्पना, पण आज घरगुती इंटरनेट कनेक्शनवरून असा स्ट्रीम जगभर सोडता येत नाही. वाटेतले राउटर तो पुढे नेत नाहीत. म्हणून बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी आइसकास्ट, यात दुमत नको.

मल्टिकास्टची खरी जागा म्हणजे एकाच इमारतीतलं किंवा कॅम्पसमधलं वायरचं नेटवर्क. तिथेही एक गोष्ट हटकून छळते: आवाज छान सुरू होतो आणि चार-साडेचार मिनिटांनी गप्प. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (कोणत्या पोर्टवर कोण ऐकतंय याची नोंद ठेवणं) चालू असतं, पण 'अजून कोण ऐकतंय?' असं विचारणारा क्वेरिअर नेटवर्कवर कुठेच नसतो. 260 सेकंदांत उजळणी झाली नाही की स्विच नोंद पुसतो. त्यामुळे स्पीकरना दोष देण्याआधी क्वेरिअर चालू करून बघा.

वायफायवर आणखी अडचण. तिथे मल्टिकास्टची पॅकेटं सहसा अगदी कमी वेगाने जातात आणि हरवली तर पुन्हा पाठवली जात नाहीत, त्यामुळे आवाज तुटतो. लोक मोबाइलवर ऐकणार असतील, तर एकाच सभागृहातसुद्धा आइसकास्टच लावा.