सर्व्हेच्या दिवशी प्लॉट शांत का हवा?

"नुसता हातोडा मारून खडक किती फुटांवर आहे ते कसं कळतं?" नाशिकमध्ये जमिनीखालच्या खडकाचा सर्व्हे करताना प्रत्येक साइटवर आम्हाला हे विचारलं जातं. भूकंपात ज्या लहरी जमिनीतून धावतात, त्याच आम्ही लोखंडी प्लेटवर घाव घालून छोट्या प्रमाणात तयार करतो. सर्वांत आधी पोहोचते ती पी लहर. सुट्या कोरड्या मातीत ती सेकंदाला 300 ते 600 मीटर धावते, आपल्या घट्ट काळ्या पाषाणात 5000 च्या आसपास. या फरकावरूनच खडकाची खोली निघते. मागून येणारी एस लहर जमीन आडवी हलवते आणि द्रवातून जातच नाही. पृथ्वीचा बाह्य गाभा द्रवरूप आहे, हे तिच्यामुळेच उमगलं. तिसरी पृष्ठलहर वरच्यावर पसरते आणि लांबपर्यंत टिकते.

आमचं घोडं अडतं ते या तिसरीपाशी. घावातली जवळजवळ दोन-तृतीयांश ताकद तीच घेऊन जाते. पी लहरीच्या वाट्याला शंभरातले जेमतेम सात भाग येतात. ते टिपायला जमिनीत 24 जिओफोन, म्हणजे थरथर टिपणारी छोटी उपकरणं, केबलला जोडून रोवलेली असतात, आणि केबलजवळून चालणाऱ्या माणसाचं पाऊलसुद्धा पृष्ठलहर उठवतं. मागच्या महिन्यात मखमलाबादकडे मालकांनी पंप आठवणीने बंद केला होता, पण बांधापलीकडे ट्रॅक्टर चालूच होता. स्क्रीनवर सगळ्या रेघा कुरळ्या. पी लहर नेमकी कुठे सुरू होते ते दिसेना. अर्धा दिवस वाया गेला. तेव्हा पंप, गाडी, मिक्सर सगळं बंद हवं, आणि बघायला आलेल्या मंडळींनी घाव पडताना जागचं हलू नये.

एकाच जागी आठ-दहा घाव घालतो ते वेळ काढायला नव्हे. सगळ्या नोंदी एकत्र मिळवल्या की खरी लहर ठळक होते, बाकीची खळबळ विरते.

दोन खडकांमध्ये दबलेला लाल मातीचा थर मात्र पी लहरीच्या या तपासणीत लपून राहतो. शिवाय पाण्याने भरलेल्या मातीत पी लहर 1500 मीटरच्या वेगाने जाते, त्यामुळे जमीन आहे त्यापेक्षा घट्ट वाटते. म्हणून आम्ही पाण्याने न फसणारी एस लहरही मोजतो आणि खालची माती-खडक प्रत्यक्ष बघायला किमान एक बोअर घ्यायला सांगतो. त्याचे पैसे वेगळे पडतात, पण गोदाकाठच्या किंवा भरावाच्या प्लॉटवर ते वाचवू नका.

तारीख ठरवताना शेजाऱ्यांच्या पंपाची वेळ विचारून ठेवा. त्याआधी, अगदी पहाटेसुद्धा, आम्ही येऊ.