आधी राखण, मग मोजणी

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात हॉक माउंटन नावाचा कडा आहे. दरवर्षी ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत तिथे दुर्बिणी लावून माणसं बसतात आणि दक्षिणेकडे निघालेले ससाणे, गरुड, आपल्या शिक्र्याचे भाऊबंद मोजतात. कर्मचारी असतात, शिकाऊ असतात, स्वयंसेवकही असतात. १९३४ साली हे सुरू झालं ते मात्र बंदुका थांबवण्यासाठी.

हा कडा ज्या किटाटिनी डोंगररांगेत आहे, तिच्यावर वारा आदळून वर उसळतो. त्यावर तरंगत, पंख न हलवता पक्षी धारेलगत जातात, कधी तर अगदी डोळ्यांसमोरून. तेच त्यांच्या जिवावर बेतलं. शिकारी पक्षी म्हणजे कोंबडीचोर, हा तेव्हाचा सर्वसाधारण समज. १९२९ मध्ये राज्याने गॉसहॉक हा शिकारी पक्षी मारणाऱ्याला ५ डॉलर बक्षीस लावलं. उडता गॉसहॉक नेमका ओळखण्याचे कष्ट कोण घेणार? दिसेल तो पाडायचा!

मेलेल्या पक्ष्यांच्या रांगांचे फोटो न्यूयॉर्कच्या रोझली एज यांच्यापर्यंत पोहोचले. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या या बाईंनी सुमारे १,४०० एकर डोंगरच भाड्याने घेतला आणि मॉरिस व अर्मा ब्राउन या जोडप्याला राखणीला बसवलं. अर्मा रस्त्यावर उभ्या राहून बंदूकवाल्यांना माघारी धाडत. मॉरिस कड्यावर बसून मोजत. माझ्या मते अर्माबाईंचं काम जास्त अवघड होतं.

महायुद्धात ते नौदलात गेले तेवढा काळ सोडला, तर मॉरिस यांनी वह्या वर्षानुवर्षं भरल्या. पांढऱ्या डोक्याच्या गरुडांत पिल्लं किती, हेही ते वेगळं टिपत. पिल्लांचं डोकं काळपट असल्याने दुरूनही ते कळतं. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या गरुडांत सुमारे ४० टक्के पिल्लं होती. १९५५ ते १९५९ मध्ये २० टक्केच. १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे एक. मोठे गरुड दिसत होते, पण त्यांची वीण खुंटली होती. लेखिका रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध हेच आकडे पुढे ठेवले. डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ होतात, हा उलगडा पुढे झाला.

१९७२ मध्ये अमेरिकेने शेतीतल्या डीडीटीवर बंदी आणली. स्थलांतरी पक्ष्यांच्या १९१८ च्या संरक्षण कायद्यात शिकारी पक्षी नव्हतेच; तेही १९७२ मध्येच त्यात आले. त्यांत गॉसहॉकही होता.